वाचकांचे प्रश्न : वाइनची ओळख करून घेताना

मागील अंकात कृष्णाकाठच्या द्राक्ष हंगामावर लिहिताना मी शेवटी दोन ओळी वाइनविषयी लिहिल्या होत्या. त्यानंतर बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी आणि अथणी या भागांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता : 'या विषयातले आम्हाला काही कळत नाही, आणि कोणाला विचारायलाही संकोच वाटतो.' हा संकोच मी समजू शकतो. ज्या घरांत हा विषय काढणेही बरे मानले जात नाही अशा घरांतून यांतील काही पत्रे आली आहेत, आणि जे पीत नाहीत व पुढेही पिणार नाहीत अशा वाचकांनीही निव्वळ कुतूहलापोटी लिहिले आहे. त्या सर्वांचा मान राखून उत्तरे देत आहे. माझे मत आधीच सांगतो. वाइन कळण्यासाठी पुष्कळ प्यावी लागत नाही, थोडी घेऊन तिच्याकडे नीट लक्ष द्यावे लागते. आणि त्यासाठी लागणारे चवीचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या वापरात आहेत.

प्रश्न : आमच्या गावातील दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'वाइन्स' असे लिहिलेले आहे, परंतु आत ब्रँडी, व्हिस्की आणि रमच्याच बाटल्या दिसतात. मग वाइन म्हणजे नेमके काय, आणि बाकीच्या मद्यांपेक्षा ती वेगळी कशी? (एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : पाटीवरच्या त्या शब्दाने आपल्याकडे खरोखरच घोटाळा करून ठेवला आहे. आपला भाग साखर कारखान्यांचा असल्यामुळे फरक तेथूनच समजून घेऊ. उसाच्या रसातून साखर काढल्यावर जी मळी उरते ती आंबवतात, आणि आंबवलेले ते द्रव्य तापवून त्याची वाफ थंड करून मद्यार्क गोळा करतात. या दुसऱ्या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. आपल्या देशात तयार होणाऱ्या पुष्कळशा रम आणि स्वस्त व्हिस्कीच्या मुळाशी हाच मळीचा मद्यार्क असतो. वाइनमध्ये ऊर्ध्वपातन नाही. द्राक्षे चिरडली की यीस्ट हे सूक्ष्म जीव रसातील साखर खाऊन तिचा मद्यार्क आणि कर्बवायू करतात. वायू उडून जातो आणि मद्यार्क रसातच राहतो. साधारणपणे एक लिटर रसातील १७ ग्रॅम साखर संपली की मद्यार्काचे प्रमाण एका टक्क्याने वाढते. बहुतेक वाइनमध्ये ते ११ ते १४.५ टक्क्यांच्या दरम्यान असते. सगळी साखर संपलेल्या वाइनला इंग्रजीतला 'ड्राय' हाच शब्द आपल्याकडेही रूढ झाला आहे. त्याचा अर्थ एवढाच की तिच्यात गोडवा उरलेला नाही.

तांबडी आणि पांढरी हा भेदही सालीचा आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. एखादा मणी सोलून पाहिलात तर लगेच पटेल. सालीसकट रस आंबवला तर रंग आणि तुरटपणा त्यात उतरतो आणि तांबडी वाइन होते. साली बाजूला काढून नुसता रस आंबवला तर पांढरी. काळ्या द्राक्षांच्या साली काही तासच रसात ठेवल्या तर जी गुलाबी छटा येते, ती रोझे.

आपण शिक्षक आहात म्हणून एक संदर्भ आवर्जून देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले असून, कापिशायन आणि हारहूरक अशी त्याची प्रदेशावरून पडलेली नावे दिली आहेत. वाइन तिच्या गावाच्या नावाने ओळखण्याची पद्धत आपल्याकडेही किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

प्रश्न : मी आणि माझे यजमान दोघेही चाळिशीत आहोत. मुलीच्या नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला जाणे होते, तेथे जेवणाच्या वेळी वाइनविषयी बोलणे निघते आणि आम्ही गप्प बसतो. आम्हाला व्यसन लावून घ्यायचे नाही, केवळ समजून घ्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : ताई, सुरुवात बाटलीपासून करूच नका. आधी घरातल्या घरात तीन प्रयोग करा. त्यांना खर्च नाही.

पहिला प्रयोग बडीशेपेचा. नाक चिमटीत घट्ट धरून चिमूटभर बडीशेप चावा. किंचित गोडसर असे काहीतरी जिभेला लागेल, पण ती बडीशेप आहे हे सांगता येणार नाही. आता नाक सोडा. त्याच क्षणी बडीशेप 'येते'. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग वास असतो आणि तो घशाच्या मागच्या वाटेने नाकापर्यंत पोहोचतो. वाइनच्या पेल्यात आधी नाक घालतात ते याच कारणासाठी. त्यात दिखावा नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलतही येथेच होते : पिकलेल्या फळाचा वास आला की ते वाइनला गोड म्हणतात. वास फळाचा असूनही त्या वाइनमध्ये साखरेचा कण नसू शकतो. शंका आली तर नाक धरून एक घोट घ्यावा; गोडवा खरा असेल तर तो तसाही लागतो.

दुसरा प्रयोग कोऱ्या चहाचा. दूध आणि साखर न घालता चहाची पूड दहा मिनिटे उकळू द्या, कोमट झाल्यावर घोट घेऊन जीभ टाळूवर फिरवा. तोंड कोरडे पडल्यासारखे, हिरड्या आवळल्यासारखे होईल. हा तुरटपणा. द्राक्षाची साल, बी आणि ओकच्या लाकडाचे पिंप यांतून वाइनमध्ये येणाऱ्या ज्या द्रव्यांमुळे तो जाणवतो त्यांना टॅनिन म्हणतात. आंबट, कडू आणि तुरट यांतला फरक शिकवायला परदेशी वर्गांत बराच वेळ जातो. आपल्याकडे षड्रसांतला कषाय रस शाळकरी मुलालाही 'तुरट' या नावाने माहीत असतो. ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

तिसरा प्रयोग मला सर्वांत प्रिय आहे, आणि त्यासाठी जूनपर्यंत थांबावे लागेल. खानापूरच्या बाजूने जांभळांच्या पाट्या बाजारात आल्या की एक चांगले टपोरे जांभूळ घ्या आणि सावकाश चघळा. प्रथम गोड लागते, पाठोपाठ आंबटपणाने जबड्याच्या कडांना लाळ सुटते, आणि शेवटी जीभ खरखरीत होऊन बसते. तांबड्या वाइनची सगळी घडण त्या एका फळात आहे. आता दुसरे जांभूळ मिठाला लावून खा. तुरटपणा लगेच उतरतो आणि फळ पुढे येते. तुरट वाइनबरोबर खारट पदार्थ का देतात, हे त्यानंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एवढे झाले की बाटलीकडे वळा, आणि एकटीने एक बाटली उघडण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून दोन उघडा. शेजारी शेजारी दोन पेले ठेवल्यावर जो फरक दिसतो तो आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरी अशा चाखण्यातून कधीच दिसत नाही. पहिल्या खेपेस एक सोव्हिन्यों ब्लाँ आणि एक शेनिन ब्लाँ घ्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही नाशिक परिसरात होतात आणि बेळगावातही मिळतात. पहिलीत बहुधा कापलेले गवत, ढोबळी मिरची, कच्चा पेरू असा हिरवा वास येईल आणि आंबटपणा धारदार असेल. दुसरी गोलसर, पिकलेल्या फळाची, कधी किंचित गोड. दुसऱ्या खेपेस शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन तांबड्या. त्या दिवशी वाटीत थोडे काळे मिरे भरडून ठेवा. शिराझमध्ये येणारा मिऱ्याचा वास ही कविकल्पना नाही : ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले की मिऱ्याला त्याचा वास देणारे रोटंडोन हे द्रव्यच शिराझ द्राक्षातही असते. त्याच अभ्यासात साधारण पाचांपैकी एकाला हा वास येतच नाही असेही आढळले. तेव्हा आपल्याला तो आला आणि यजमानांना आला नाही, तर कोणाचेच चुकले असे समजू नये.

पेल्यात ५० मिलीपेक्षा जास्त ओतू नका. पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहा, पेला हलकेच फिरवून वास घ्या, लहान घोट तोंडभर फिरवा. मग स्वतःला विचारा : लाळ किती सुटली, जीभ किती आवळली, गोडवा आहे का, घशात ऊब किती जाणवते, आणि तोंडात ती ताकासारखी पातळ लागते की दुधासारखी भरीव? ही पाच उत्तरे वहीत मराठीत लिहा. 'ओल्या मातीचा वास आला' असे वाटले तर तसेच लिहा. पुस्तकातला शब्द उसना आणू नका. घोट थुंकण्यासाठी शेजारी भांडे ठेवावे. ज्यांचा हा व्यवसाय आहे ते सगळेच थुंकतात आणि त्यात असभ्य असे काही मानत नाहीत.

उच्चारांविषयी दोन शब्द. दुकानदार 'चेनिन ब्लँक' म्हणाला तर आपणही तसेच म्हणावे; फ्रेंच नावातील शेवटची अक्षरे उच्चारत नाहीत एवढे माहीत असले की पुरे.

प्रश्न : आमची चार एकर थॉमसनची बाग आहे. बेदाणा करतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्याला नेतो. आमच्या द्राक्षाचे ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे माप, २२-२३ पर्यंत जाते, मग त्याचीच वाइन का करत नाहीत? (एक बागायतदार, अथणी तालुका)

उत्तर : आपण ब्रिक्स मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर हातात घेऊन विचारलेला हा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. साखरेच्या बाजूने पाहिले तर आपले म्हणणे बरोबर आहे. २२ ब्रिक्सच्या रसातून साधारण १२ टक्के मद्यार्क सहज मिळतो, आणि वाइनची द्राक्षेही बहुधा २२ ते २४ ब्रिक्सलाच तोडतात. थॉमसनची वाइन होतच नाही असेही नाही. काही देशांत स्वस्त पांढऱ्या वाइनसाठी ते द्राक्ष वापरले गेले आहे. पण ती वाइन साधी, बिनवासाची होते.

कारण मण्यात आहे. खाण्याच्या द्राक्षाला मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको. त्यासाठी आपण विरळणी करतो, मणी फुगवणाऱ्या जी.ए. (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो. वाइनच्या द्राक्षात सगळे उलट लागते. कॅबर्नेचा मणी वाटाण्याएवढा, सालीला जाड, आत बी. चव, रंग आणि टॅनिन सालीत व बीत असतात, त्यामुळे रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकी वाइन भरीव. एखादा घड हाती आला तर दोन मणी चावून पाहा : खायला ते द्राक्ष आवडणार नाही, पण ते चावल्यावर तोंडात जे मागे राहते ते थॉमसनमध्ये राहत नाही. उत्पादनाचेही तसेच. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी १० टनांहून अधिक माल काढणे आपल्याला नवे नाही. चांगल्या वाइनसाठी वेलीवर मुद्दाम त्याच्या निम्म्याहून कमी माल ठेवतात.

तिसरी गोष्ट आम्लाची. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. मॅलिक आम्ल उष्णतेत, विशेषतः रात्री गरम असल्या तर, झपाट्याने कमी होते. मग साखर भरपूर पण आंबटपणा नाही असा रस मिळतो आणि वाइन बसकी लागते. नंदी टेकड्यांच्या उंचीवर किंवा नाशिकच्या थंड रात्रींत जे आम्ल टिकते ते अथणीच्या मार्चमधील उन्हात टिकवणे अवघड. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे त्याला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. त्यांची तोड सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपली फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, तीही पहाटेच्या गारव्यात उरकावी लागते.

तरीही आपल्या पट्ट्याला या नकाशात जागा आहे. कर्नाटकाने २००७ च्या द्राक्ष व वाइन धोरणानंतर नंदी आणि कावेरी खोऱ्यांबरोबर कृष्णा खोरेही वाइनच्या द्राक्षांसाठी धरले आहे, आणि त्यात विजयपूर, बागलकोट व बेळगाव हे जिल्हे येतात. शेजारी अकलूजला इटालियन भागीदारांच्या साहाय्याने उभी राहिलेली फ्रातेल्ली ही वायनरी आहे, म्हणजे सोलापूरच्या उन्हातही योग्य जमीन आणि नेटके व्यवस्थापन असले तर हे साधते. मात्र कळकळीने एक सांगतो : खरेदीचा लेखी करार हाती आल्याशिवाय एकही वेल लावू नका. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या वेली उपटाव्या लागल्या, कारण हे द्राक्ष दुसऱ्या कोणत्याच बाजारात विकले जात नाही. त्याचा धड बेदाणाही होत नाही. घरगुती वाइन करण्याचा विचारही मनात आणू नये, त्यासाठी परवाना लागतो.

प्रश्न : आमच्याकडे गोव्याहून कोणी आले की 'पोर्ट'ची बाटली येते आणि अशक्तपणावर, विशेषतः बाळंतिणीला, दोन चमचे देतात. द्राक्षासवही देतात. या दोन्ही वाइनच आहेत का? (एक गृहिणी, खानापूर)

उत्तर : द्राक्षासव हे आयुर्वेदातील औषध आहे. मनुकांच्या काढ्यात गूळ किंवा साखर व धातकीची फुले घालून तो आंबवतात, आणि आंबताना त्यात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो. क्रिया वाइनसारखीच आहे, पण हेतू आणि मात्रा औषधाची आहे. ती वैद्याने ठरवायची.

'पोर्ट'ची गोष्ट वेगळी आणि रंजक आहे. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाची हद्द १७५६ मध्येच आखून दिलेली होती. तेथे रस अर्धवट आंबला असताना त्यात द्राक्षाचाच कडक मद्यार्क घालतात. त्यामुळे यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते, आणि वाइन गोड व जवळजवळ २० टक्के मद्यार्काची होते. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा ते नाव आणि ती आवड तेथे रुजली. आज गोव्यातून त्या नावाने जी स्वस्त बाटली येते ती बहुधा साखरेने गोड केलेली साधी वाइन असते. तिची गोडी लागली म्हणून कोणाला हिणवू नये. कित्येकांची वाइनशी पहिली ओळख तिनेच झाली आहे.

बाळंतिणीला मात्र ती देऊ नका. आईच्या रक्तातील मद्यार्क अंगावरच्या दुधात उतरतो. पोर्टने अंगात ऊब आल्यासारखे वाटते, शक्ती येत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी प्रेमापोटी ही पद्धत पाळली हे मी जाणतो, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. द्राक्षासवाविषयीही त्या काळात डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणखी एक : परवान्याशिवाय गोव्याची बाटली कर्नाटकात आणणे हा गुन्हा आहे, आणि चोर्ला घाटातून येताना कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.

प्रश्न : फसफसणाऱ्या प्रत्येक वाइनला शॅम्पेन म्हणतात का? (एक महाविद्यालयीन प्राध्यापक, बेळगाव)

उत्तर : नाही. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतातील द्राक्षांपासून, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येते; बाकीच्या सर्व 'स्पार्कलिंग'. आपल्याला हे समजणे सोपे आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर या चार जिल्ह्यांनाही मिळाले, कारण अथणीच्या कारागिरांनी तीच चप्पल पिढ्यानपिढ्या केली आहे. दुसरीकडे कोठे हुबेहूब तशी चप्पल शिवली तरी तिला ते नाव लावता येत नाही.

याच कारणाने युरोपातील बाटलीवर बहुधा गावाचे किंवा प्रांताचे नाव असते, जसे बोर्दो, शाब्ली, रिओखा. आणि भारतीय बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे. नवशिक्याने जातीचे नाव असलेल्या बाटल्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे काय चाखतो आहोत ते कळते.

प्रश्न : वाइन शाकाहारी असते का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : द्राक्ष आणि यीस्ट यांपुरती ती शाकाहारीच. पण गढूळपणा काढण्यासाठी काही उत्पादक अंड्याचा पांढरा बलक किंवा माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत खाली बसतो आणि काढून टाकला जातो. पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी बेंटोनाइट ही माती वापरतात. ज्यांना काटेकोरपणे पाळायचे असेल त्यांनी लेबल वाचावे, आणि तेथे उल्लेख नसेल तर उत्पादकाला विचारावे.

प्रश्न : वाइनबरोबर चीज लागते असे ऐकतो. आमच्याकडे भाकरी, ठेचा, मटणाचा रस्सा आणि शेवटी कुंदा. यांच्याबरोबर ती चालेल का? (एक खानावळ चालक, बेळगाव)

उत्तर : चालेल, पण निवड उलटी करावी लागेल. मिरचीचा जाळ मद्यार्काने वाढतो आणि टॅनिनने बोचरा होतो; त्यामुळे महागातली तुरट कॅबर्ने ठेच्याबरोबर दिली तर दोघांचाही घात होतो. किंचित गोड शेनिन ब्लाँ किंवा रोझे, चांगली गार केलेली, तिखटाला सांभाळून घेते, कारण थोडा गोडवा जाळ शमवतो. तांबडी द्यायचीच असेल तर ती रश्श्याबरोबर न देता कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर द्या. मटणातली चरबी आणि मीठ टॅनिनला मऊ करतात, आणि मिरे-लवंगेच्या मसाल्याबरोबर शिराझ जुळते. चीज मिळाले नाही तर खारे शेंगदाणे पुष्कळ काम करतात.

कुंद्याच्या बाबतीत नियम कडक आहे : वाइन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे. ड्राय वाइनचा घोट कुंद्यानंतर घेतला तर ती लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागेल. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची, लेट हार्वेस्ट म्हणून मिळणारी गोड शेनिन ब्लाँ एकदा कुंद्याबरोबर घेऊन पाहा. दूध आटून खरपूस झाल्याचा जो तपकिरी वास कुंद्याला असतो, त्याच्यासमोर त्या वाइनचा मधासारखा वास फार सुंदर लागतो.

प्रश्न : वाइन हृदयाला चांगली असते आणि ती दारू नव्हे, असे अनेक जण सांगतात. खरे काय? (एक वाचक, गोकाक)

उत्तर : जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा हा वाद मोठ्याने झाला होता. हिशेब करून पाहू. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीच्या पेल्यात १८ मिली मद्यार्क असतो. आपल्याकडील ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत तो १३ मिलीहून कमी असतो. म्हणजे वाइनचा एक पेला त्या छोट्या पेगपेक्षा जास्त मद्यार्क पोटात घालतो. ती दारूच आहे.

हृदयाविषयीचा समज १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस पसरला. फ्रेंच लोक चरबी भरपूर खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात आणि त्याचे श्रेय तांबड्या वाइनला असावे, असा तो तर्क होता. त्यानंतरच्या संशोधनाने तो बराच मोडीत काढला आहे. मद्यार्कयुक्त पेये कर्करोगकारक आहेत असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही असे सांगितले. यकृताचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे असतील त्यांनी आणि गर्भवतींनी या वाटेला जाऊच नये. ज्यांना आवडते त्यांनी चवीसाठी थोडी घ्यावी. औषध म्हणून कोणीही घेऊ नये.

प्रश्न : बाटली घरी कशी ठेवावी? जुनी होईल तितकी चांगली, हे बरोबर आहे का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वाइन लगेच पिण्यासाठी केलेल्या असतात. आपल्या पांढऱ्या वाइन लेबलवरील वर्षापासून एक-दोन वर्षांत आणि साध्या तांबड्या तीन-चार वर्षांत संपवाव्यात. मुरल्याने सुधारणाऱ्या वाइन थोड्या असतात, आणि त्यांना जी थंड, अंधारी जागा लागते ती आपल्या घरात नसते.

उष्णता हा मोठा शत्रू आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जरा किमती तांबडी वाइन घेतली. बाटली काचेच्या दर्शनी कपाटात उभी होती, दुपारचे ऊन तिच्यावर येत असे, हे मला दिसत होते. तरी नावावर भुललो. घरी पाहिले तर बूच तोंडापासून किंचित वर सरकलेले होते, गळ्यावर चिकट ओघळ वाळलेला होता, आणि पेल्यात कढवलेल्या मुरांब्यासारखा शिळा वास आला. पाहुण्यांसमोर ती ओतून द्यावी लागली. तेव्हापासून मी आधी बुचाला बोट लावून पाहतो आणि मगच लेबल वाचतो. दुसरा दोष ओल्या गोणपाटाच्या किंवा भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राच्या वासाचा; तो बुचातील दोषामुळे येतो आणि त्यात आपला किंवा दुकानदाराचा अपराध नसतो. अशी बाटली परत करावी.

'तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा नियम जेथे खोल्या १६ ते १८ अंशांवर असत तेथला आहे. बेळगावच्या श्रावणात तो कदाचित जुळेल. एप्रिलमध्ये तांबडी बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी ८ ते १२ अंशांवर घ्यावी, पण बर्फासारखी गार करू नये, कारण मग वासच येत नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. त्यानंतर उरली तर मटण मुरवताना दह्यासोबत अर्धी वाटी घाला.